थंडीत गाडीवर हात सुन्न होतात?

सोलापूर म्हटले की ऊन. इथल्या थंडीला कोणी थंडी म्हणत नाही, आणि नाशिकच्या पाहुण्यांपुढे तर तिचे नाव काढायचीही सोय नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला मोटारसायकल काढून चिंचोळी एमआयडीसी गाठणाऱ्याला, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्याला किंवा गावाकडून दुधाचे कॅन आणणाऱ्याला ती चांगलीच ठाऊक आहे. कामावर पोहोचले तरी बराच वेळ बोटे वळत नाहीत. मागावर तुटलेला धागा जोडायचा तर गाठ बसत नाही.

याचे मुख्य कारण वारा. हवा १० अंशांवर असताना गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली, तर उघड्या कातडीला ती ५-६ अंशांसारखी लागते. शिवाय अंग गार पडू लागले की आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी शरीर हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आखडून घेते. म्हणून छाती वाऱ्यावर टाकून नुसते हातमोजे घातले तर त्यांचा उपयोग अर्धाच.

आणि हे नुसते गारठ्याचे दुखणे नाही. सुन्न बोटांना ब्रेक किती दाबला ते कळत नाही, हात उशिरा वळतो. ताशी ५० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर झाला तर ७ मीटर. थंडी म्हणजे आपल्या जिल्ह्यात उसाचा हंगाम. अंधारात पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल, तर हे ७ मीटर आणायचे कुठून? मोटारसायकलचा मागचा ब्रेक निदान पायात असतो. बिनगिअरच्या स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातातच. तेव्हा सकाळी स्कूटरवर क्लासला किंवा कामाला जाणाऱ्या लेकीबाळींच्या हातांकडे घरच्यांनी आधी पाहावे.

बाजारात मिळणाऱ्या लोकरीच्या मोज्यांतून वारा आरपार जातो. वरून रेक्झिन किंवा चामडे असलेले मोजे घ्यावेत, तेही थोडे सैल. घट्ट मोज्यात रक्त नीट फिरत नाही आणि ऊब धरणारी हवाही राहत नाही. लोकरीचेच असतील तर आत पातळ सुती मोजे, मध्ये प्लास्टिकची पिशवी आणि वरून लोकरीचे घालावेत. पिशवी सर्वांत वर नको, मूठ निसटते.

मनगट विसरू नये. तिथे रक्तवाहिनी कातडीच्या अगदी जवळ असते, म्हणून तर डॉक्टर नाडी तिथेच पाहतात. टॉवेल तर आपल्या गावचाच. जुन्या टर्किश टॉवेलची चार बोटे रुंद पट्टी शिवून मनगटावर चढवली की काम झाले. मात्र ती कोरडी हवी. छातीवर स्वेटरच्या आत जुन्या वर्तमानपत्राची घडी घातली तर वारा अडतो, खर्च शून्य.

रोजच लांब जाणाऱ्यांनी सीट कव्हर शिवणाऱ्याकडून हँडलच्या मुठींवर रेक्झिनच्या पिशव्या शिवून घ्याव्यात, आत टॉवेलचे अस्तर लावावे. ब्रेक, क्लच, हॉर्न मोकळे चालले पाहिजेत. गाडी उभी असताना दहा वेळा हात आत-बाहेर करून पाहावा. अडकत असेल तर तोंड मोठे करून घ्यावे.

सायलेन्सरवर हात शेकणे वाईट. सुन्न कातडीला चटका उशिरा कळतो. मधुमेही माणसाने तर हे मुळीच करू नये. थांबून हात काखेत धरावेत, चहा घ्यावा. विडी-तंबाखूने ऊब येते असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आखडते, बोटे आणखी गार पडतात.

थंडीत बोटे पांढरीफटक पडून मग निळी आणि नंतर लाल होत असतील, आणि असे वरचेवर घडत असेल, तर तो नुसता गारठा समजू नये. डॉक्टरांना हात दाखवावा आणि यंत्राच्या हादऱ्याचे काम करत असाल तर तेही सांगावे.