आजीला "तू बसून राहा" म्हणू नका



"म्हातारपणी माणूस पडायचंच," हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं! मला ते पटत नाही. नुसतं वय झालं म्हणून कोणी पडत नाही. पायातली ताकद कमी होते, तोल सावरता येत नाही, म्हणून माणूस पडतो. आणि ताकद व तोल या दोन्ही गोष्टी सत्तरीनंतरही सरावाने सुधारतात.

शाळेच्या ब्लॉगवर हा विषय कशाला, असं वाटेल. आमच्या बेल्हे परिसरात बऱ्याच मुलांचे आईवडील सकाळीच कांद्याच्या वावरात नाहीतर कामाला जातात. मुलांची अंघोळ, डबा, शाळेत सोडणं हे आजी-आजोबांकडे. माझ्या वर्गातली एक चौथीची मुलगी मागे तीन आठवडे आली नाही. आजी मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिला पाणी द्यायला ही पोर घरी राहिली. आजीचं पडणं असं आमच्या हजेरीपटावर दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यातली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली.

सिडनीच्या कॅथी शेरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली २५ देशांतल्या १०८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास मांडला. त्यात २३ हजारांवर ज्येष्ठ माणसं होती. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण जवळजवळ पाव हिश्शाने कमी दिसलं. पण कोणता व्यायाम? तोलाचा आणि उठण्या-बसण्याचा. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असं मात्र ठामपणे दिसलं नाही. "आमची म्हातारी रोज रानात जाते, तिला कसला व्यायाम?" याचं उत्तर इथे आहे. चालणं चांगलंच, पण घसरल्यावर सावरायची सवय वेगळी लावावी लागते.

ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ गिल अरौजो यांच्या गटाने ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं. साधारण पाचातल्या एकाला जमलं नाही. ज्यांना जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका पायावर उभं राहता आलं नाही म्हणून कोणी मरत नाही हो, पण शरीर आतून कुठे चाललंय याची ती खूण असू शकते.

एका पायावर म्हटलं की मला लंगडीच आठवते. या आज्या लहानपणी अंगणात लंगडी खेळल्यात! आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, परत बसायचं, म्हणजे आपल्या उठाबशांचीच सौम्य बहीण. आपण मास्तर लोकांनीच शिक्षा म्हणून तिचं नाव खराब केलं.

आपण मात्र प्रेमापोटी उलटं करतो. "आई, तू बस, मी आणते." जेवण टेबलावर, लग्नाच्या पंगतीतही खुर्ची. गुडघे खरंच दुखत असतील तर खुर्ची हवीच. पण उठता येणाऱ्या माणसाला बसवून ठेवलं, तर त्याला खरंच उठणं अवघड होऊ शकतं.

म्हणून मुलांना मी एक गृहपाठ देते. आजी-आजोबांनी भिंतीला किंवा ओट्याला हात धरून एका पायावर उभं राहायचं, नातवाने दहा आकडे मोजायचे, मग दुसरा पाय. नंतर भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस. शेजारी मोठं माणूस हवंच, पोराच्या भरवशावर नाही. आधी पडलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं.

मोरीत धरायला एक दांडी, रात्री मोरीकडे जाणाऱ्या वाटेवर छोटा दिवा आणि झिजलेली चप्पल बदलणं, एवढं पालकांनी या आठवड्यात करा. सोमवारी बाजाराला जाल, तेव्हा चप्पल घेऊनच या.