गोलरक्षकाची कारकीर्द आणि आक्रसलेला हंगाम

नोएडा : इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम जुलै २०२५ मध्ये स्थगित झाला, तेव्हा चर्चा रंगली ती महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील संपत आलेल्या कराराची. पुढे १४ फेब्रुवारी २०२६ पासून एकेरी फेरीची स्पर्धा घेण्याचे ठरले. आधीच्या हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला साखळीतील २४ सामने होते; आता ते १३ उरले. या वजाबाकीचा सर्वाधिक फटका गोलरक्षकांना बसतो.

मधल्या फळीतील राखीव खेळाडूला शेवटची वीस मिनिटे तरी मिळतात. गोलरक्षक मात्र दुखापत किंवा लाल कार्ड यांखेरीज सहसा बदलला जात नाही. शिवाय त्याची चूक थेट फलकावर दिसते आणि ती पुसायला वर्षे लागतात.

गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीची कारकीर्द याची साक्ष देते. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्यात झालेल्या अंतिम सामन्यात एफसी गोवा चेन्नईविरुद्ध २-१ असा पुढे होता. ९०व्या मिनिटाला कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला, भरपाईच्या वेळेत आणखी एक गोल झाला आणि घरच्या मैदानावर करंडक निसटला. त्याच फातोर्ड्यात २० मार्च २०२२ रोजी हैदराबादकडून खेळताना त्याने केरळविरुद्ध शूटआऊटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या आणि संघाला विजेतेपद मिळवून दिले. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. दोन अंतिम सामन्यांमधील सहा वर्षे लीग दरवर्षी होत राहिली, महासाथीच्या काळातही झाली. म्हणून तर दुसरी संधी आली. त्याच २०२२ साली गोव्याचेच ज्येष्ठ गोलरक्षक, भारताचे माजी कर्णधार ब्रह्मानंद शंखवाळकर यांना पद्मश्री जाहीर झाली, हा योगायोगही नोंदवण्याजोगा.

गोलरक्षकांना सामने मिळावेत म्हणून दक्षिण कोरियाने तर नियमच केला होता. नव्वदच्या दशकात वालेरी सारिचेवच्या यशानंतर तेथील क्लब परदेशी गोलरक्षकांकडे वळले. देशी गोलरक्षक बाकावर बसू लागल्याने १९९९ पासून के-लीगमध्ये परदेशी गोलरक्षकांना पूर्ण बंदी आली. सारिचेवने कोरियाचे नागरिकत्व घेऊन त्या बंदीला वळसा घातला, ही गोष्ट वेगळी! २००२ च्या विश्वचषकात ली वून-जेने स्पेनविरुद्ध शूटआऊटमध्ये पेनल्टी अडवून कोरियाला उपांत्य फेरीत नेले. मात्र याचे श्रेय एकट्या बंदीला देणे घाईचे ठरेल. अखंड चालणाऱ्या लीगचा वाटा अधिक मोठा. किम ब्युंग-जी वयाच्या ४५व्या वर्षापर्यंत खेळला आणि लीगमध्ये ७०० हून अधिक सामने त्याच्या नावावर जमा झाले. २०१८ च्या विश्वचषकात जर्मनीला रोखणारा जो ह्यून-वू २०२४ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, के-लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता २०२६ च्या हंगामापासून ती बंदीही उठली आहे.

भारतात असा नियम लागला नाही. हिशेबानेच ते काम केले. मैदानावरील परदेशी खेळाडूंची मर्यादा २०२१-२२ पासून चारवर आली. त्यांतील एक जागा गोलरक्षकावर खर्च करण्यापेक्षा क्लब परदेशी आघाडीपटू पसंत करतात. परिणामी गोलखांबांमधली जागा बहुतांशी भारतीयांकडेच राहिली. म्हणजे उणीव जागांची नाही, सामन्यांची आहे.

त्यात क्लबांची अस्थिरता. कट्टीमणीने जिथे करंडक उंचावला, तो हैदराबादचा क्लब पुढे थकलेल्या देण्यांमुळे खेळाडू नोंदणीच्या बंदीत अडकला आणि २०२५ मध्ये नव्या नावाने दिल्लीत स्थलांतरित झाला. एकेरी फेरीत पहिल्या पसंतीचा गोलरक्षक तंदुरुस्त राहिला, तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या तरुणाला वर्षभरात लीगचा एकही सामना मिळणार नाही. त्याच्यासाठी महासंघाला राखीव संघांची वेगळी लीग किंवा दुसऱ्या श्रेणीत अल्पमुदतीच्या कराराची सोय करावी लागेल, आणि तीही पुढचा हंगाम आखण्यापूर्वी.