वहीतली खोडलेली ओळ

दिवाळी उरकली की कासा, चारोटीच्या नाक्यावर बिऱ्हाडासकट माणसं उभी दिसतात. टेम्पो येतो, मुकादम डोकी मोजतो आणि पाडे ओस पडतात. आपल्याला हे नवं नाही. मला मात्र त्याचा खरा अर्थ कळला तो वैद्यकीय समाजकार्य शिकताना या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात उमेदवारी केली तेव्हा.

माझ्याकडे सिकलसेलच्या रुग्णांची वही होती. दिवाळीआधी एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या आईला मी पाऊण तास समजावलं. पाणी भरपूर प्यायचं, अंगमेहनत टाळायची, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज घ्यायची. शिकलेल्या माणसाला सल्ला देण्याची घाई फार! आईने सगळ्याला ‘हां’ म्हटलं. पुढच्या तारखेला मुलगी आलीच नाही. मी वहीत लिहिलं, ‘सांगूनही आली नाही.’

पुढे पाड्यावर गेले तर घरात आजी एकटी. म्हणाली, “भट्टीवर गेली सगळी, भिवंडीला. पावसात उचल घेतली होती, ती फेडायला नको?”

सिकलसेलचं दुखणं उसळतं ते अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, अतिश्रम झाले की. वीटभट्टीवर यातलं टळणार काय? आम्ही जे टाळा म्हणत होतो, त्यावरच त्या घराची चूल होती. वहीतली ओळ मी खोडली आणि लिहिलं, ‘कामाला गेली. जाताना पुरेशा गोळ्या दिल्या नाहीत.’ उमेदवारीत काय शिकलीस असं कुणी विचारलं तर मी ती खोडलेली ओळ दाखवीन.

मुंबईत टाटांची समाजकार्याची शाळा १९३६ साली निघाली. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, दाखला-मदतीची वाट दाखवतात. पाड्यावरच्या पेशंटला ती वाट कोण दाखवणार? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, एसटीत सवलत आहे. पण दाखल्याला दोन-तीन खेपा, आणि प्रत्येक खेपेला रोज बुडतो.

म्हणून ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि पोलीस पाटलांना विनंती आहे. मुकादम उचल वाटत पाड्यावर फिरू लागला, की तुम्हाला आधी कळतं. तेव्हाच आशाताईंना सांगा. कोण चाललंय, कुठे, किती महिने, एवढं कळलं तर जायच्या आधी गोळ्या आणि तपासणीचा कागद हातात देता येतो. दर्यावर जाणाऱ्या खलाशांचंही तेच. घोलवड-डहाणूकडच्या वाडीवाल्यांनीही चिकू उतरवणाऱ्या गड्याचे सांधे वारंवार दुखत असतील तर त्याला कामचुकार म्हणण्याआधी रक्त तपासायला पाठवावं.

मुलगी पावसाच्या तोंडावर परतली. डोळे पिवळे, हिमोग्लोबिन उतरलेलं. माझी उमेदवारी तेव्हा संपत आली होती. या खेपेला मी सल्ला नंतर दिला. आधी विचारलं, “बाय, परत कधी जाणार?”