काठवटवाला चोर कसा?

वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे गडचिरोली जिल्हा. नदीचे रेतीघाट लिलावात जातात, सूरजागडचा लोहखनिजाचा डोंगर कंपनीला भाडेपट्ट्याने मिळतो. पण नदीची रेती काठवटीत धुऊन सोन्याचे कण वेचणाऱ्या गरिबासाठी १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात वेगळी सोय नाही. परवाना नसेल तर तो चोर!

हा गरीब कोण? महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांसोबत ‘सोनझरी झरेका’ हे नाव आहे. नावातच काम आले. न्यूझीलंडमध्ये सरकारने ठरवून दिलेल्या नदीपात्रांत कोणीही परवान्याशिवाय हाताने सोने धुऊ शकतो. तिथे तो छंद, इथे पोटासाठी केले तर गुन्हा. असे का, हा आमचा सवाल आहे.

नियमन आम्हालाही हवे. यंत्र नको, पारा नको, माशांच्या अंडी घालण्याच्या काळात नदीला विसावा हवा. परवानगी ग्रामसभेने द्यावी. मात्र ती जात पाहून नको, गावातल्या कोणाही गरजूला मिळावी. सोनझऱ्याच्या पोराने पिढ्यानपिढ्या रेतीच धुवावी, हे आम्हाला मान्य नाही. त्याला शाळाही हवी आणि नदीही.

भौतिक साधनसंपत्तीचे वाटप समाजाच्या हिताचे असावे, असे संविधानाचे कलम ३९(ख) सांगते. वाटप म्हणजे फक्त लिलाव नव्हे.

जय भीम!