सोलापूर-मुंबई : तासाभराच्या प्रवासाची प्रदीर्घ प्रतीक्षा

सोलापूर ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर ४५५ किलोमीटर. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली ‘वंदे भारत’ ते सुमारे साडेसहा तासांत कापते. विमानाला जेमतेम तास पुरतो. मात्र या एका तासासाठी शहराला वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. होटगी रस्त्यावरील विमानतळाला अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये सभासदांचा विरोध डावलून पाडण्यात आली; तरीही मुंबईचे विमान उडण्यास १५ ऑक्टोबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. यापूर्वीची विमानसेवा अल्पावधीतच बंद पडली होती. त्यामुळे खरा प्रश्न वेगाचा नाही, सातत्याचा आहे. परवडणारे भाडे आणि भरवशाचे वेळापत्रक टिकले, तरच ऊस उत्पादकांनी मोजलेली किंमत सार्थकी लागेल.