अवकाश-उद्योगाला पहिला ग्राहक हवा

2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याच्या त्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात एक पेटती रेघ ओढली गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाच्या शिवारात, सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. आसपासच्या परिसरात धातूचे गोळेही सापडले. हे अवशेष फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असा जाणकारांचा अंदाज होता. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. परंतु अवकाश ही केवळ श्रीहरिकोट्याची किंवा बंगळुरूची बाब नसून ती आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचली आहे, हा त्या कडीने दिलेला इशारा विसरण्याजोगा नव्हता.

त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर, कोरपना तालुका आहे. गडचांदूर, आवारपूर, नारंडा ही नावे सिमेंटमुळे राज्याला ठाऊक झाली. पोटात चुनखडी, वर कापूस आणि सोयाबीन, शेजारी पैनगंगेचे पात्र आणि माणिकगडच्या डोंगररांगांतील रान, असा हा मुलूख आहे. देशाच्या इमारती उभ्या करण्यासाठी या भूमीने आपली खनिजसंपत्ती दिली. मोबदल्यात देशाच्या प्रगत विज्ञानाचा किती लाभ तिच्या वाट्याला आला, हा प्रश्न मात्र आजवर फारसा कोणी विचारलेला नाही.

हा प्रश्न भावनेचा नाही, व्यवहाराचा आहे. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो, तेंदूपानाच्या हंगामातही आगी लागतात आणि दर उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल होरपळते. या आगींची सूचना डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेमार्फत वनखात्याला मिळते. ही व्यवस्था उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण तिचा मुख्य आधार असलेले संवेदक अमेरिकी उपग्रहांवर बसवलेले आहेत. ते दिवसातून मोजक्या वेळा माथ्यावरून जातात. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात वणवा डोंगर ओलांडून जाऊ शकतो.

पावसाळ्यातील अडचण याहून मोठी आहे. कापूस आणि सोयाबीन ही खरिपाची पिके ढगांच्या छत्राखालीच वाढतात. जुलै 2022 मध्ये वर्धा नदीने जिल्ह्यात हाहाकार माजवला, तेव्हाही आकाश झाकलेले होते. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांपलीकडचे दिसत नाही. त्यासाठी रडारचा उपग्रह लागतो. 18 मे 2025 रोजी पीएसएलव्ही-सी61 ची मोहीम अयशस्वी झाली आणि तिच्यासोबत असाच एक रडार उपग्रह आपण गमावला. त्यानंतर 30 जुलै 2025 रोजी भारत व अमेरिका यांचा संयुक्त ‘निसार’ उपग्रह यशस्वीपणे झेपावला. तथापि तो एकाच जागी साधारण बारा दिवसांनी परत येतो आणि पूर तर दोन-तीन दिवसांत येऊन ओसरतोही. म्हणजे एका मोठ्या उपग्रहाच्या जोडीला स्वस्त, लहान आणि संख्येने अनेक उपग्रह असणे अपरिहार्य आहे. एक निकामी झाला तरी बाकीचे काम चालू ठेवतात, हा त्यांचा दुसरा लाभ.

असे उपग्रह, त्यांची इंजिने आणि त्यांच्या माहितीचे विश्लेषण या क्षेत्रांत लहान उद्योगांचे कर्तृत्व दिसू लागले आहे. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने अवकाश क्षेत्र खाजगी उद्योगांना खुले केले आणि त्यांना परवानगी व साहाय्य देण्यासाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था उभी केली. 2023 मध्ये भारतीय अवकाश धोरण आले. यापूर्वी आपला उद्योग अवकाशात नव्हता, असे नाही. वालचंदनगरने इस्रोच्या अग्निबाणांची आवरणे बनवली, विक्रोळीच्या गोदरेजने विकास इंजिने घडवली. परंतु तेव्हा आराखडा इस्रोचा असे आणि घडण उद्योगाची. आता आराखडाही उद्योगाचा आहे. बदल इथे आहे.

या बदलाचा एक धागा विदर्भातूनही जातो. 18 नोव्हेंबर 2022 रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा ‘विक्रम-एस’ हा देशातील पहिला खाजगी अग्निबाण उडाला. या कंपनीच्या घन इंधनाच्या सुरुवातीच्या इंजिनांच्या चाचण्या नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या परीक्षण केंद्रात झाल्या होत्या. मुंबईच्या आयआयटीतून पुढे आलेल्या मनस्तु स्पेसचे उदाहरणही असेच बोलके आहे. उपग्रहांत वापरले जाणारे हायड्रॅझिन हे इंधन अतिशय विषारी असते. त्याला पर्याय म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले इंधन या तरुणांनी विकसित केले. 30 डिसेंबर 2024 रोजी गेलेल्या पीएसएलव्ही-सी60 च्या चौथ्या टप्प्यावर त्यांच्या इंजिनाला जागा मिळाली. एरवी कचरा होऊन फिरत राहणारा हा टप्पा इस्रोने कक्षेतील प्रयोगशाळा म्हणून वापरला आणि त्यावरील 24 उपकरणांपैकी 10 नवउद्योग व शिक्षणसंस्थांची होती. उपग्रहाला दिशा बदलता आली, काम संपताच सुरक्षितपणे खाली आणता आले, तर अवकाशातील कचरा कमी होतो. लाडबोरीच्या कडीला याहून समर्पक उत्तर कोणते?

मग अडते कुठे? केवळ भांडवलावर अडत नाही. इन-स्पेसची एक कोटी रुपयांपर्यंतची बीजनिधी योजना आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने एक हजार कोटींच्या साहस-भांडवल निधीला मान्यता दिली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पाचशे कोटींचा तंत्रज्ञान-स्वीकार निधी जाहीर झाला. अडते ते नमुना तयार झाल्यावर. प्रयोग यशस्वी होतो, टाळ्या वाजतात, वृत्तपत्रांत छायाचित्र येते. पण खरेदीचा आदेश येत नाही. खरेदी करणारा अधिकारी पूर्वानुभव विचारतो आणि पहिल्या आदेशाविना अनुभव मिळत नाही. या फेऱ्यात लहान उद्योगाचे दोन-तीन वर्षांचे वेतन संपून जाते. अनुदान हे बियाणे आहे. पीक उभे राहते ते बाजारपेठेच्या भरवशावर.

अमेरिकेने 1982 मध्येच कायदा करून मोठ्या सरकारी खात्यांच्या संशोधन निधीतील ठरावीक वाटा लहान उद्योगांसाठी राखून ठेवला. आधी कल्पनेला, मग नमुन्याला आणि त्यानंतर बाजारपेठेकडे, असे टप्पे घातले. त्याचे अंधानुकरण नको. परंतु शासन हाच पहिला ग्राहक, हे तत्त्व घेण्याजोगे आहे. आपल्याकडेही त्या दिशेने पाऊल पडले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये पिक्सेलच्या नेतृत्वाखालील चार भारतीय नवउद्योगांच्या गटाची, 12 उपग्रहांची मालिका उभारण्यासाठी निवड झाली. सुमारे बाराशे कोटींचा हा प्रकल्प आहे. या उपग्रहांनी पाठवलेली माहिती विकत घेणारी खाती देशात तयार नसतील, तर ती परदेशी ग्राहकाकडे जाईल आणि कोरपन्याचा शेतकरी पुन्हा आकाशाकडेच पाहत राहील.

म्हणून महाराष्ट्र शासनाने आपल्या गरजा स्पष्टपणे मांडाव्यात. वनखात्याने वणव्याची सूचना किती मिनिटांत हवी, ते सांगावे. कृषी खात्याने ढगाळ हंगामातील पीक-पाहणीची मागणी नोंदवावी. आपत्ती व्यवस्थापनाने पुराच्या नकाशाची मुदत ठरवावी. जो उद्योग हे करून दाखवील, त्याला तीन वर्षांचा खरेदी करार मिळावा आणि पहिली चाचणी चंद्रपूर-गडचिरोलीत व्हावी. नागपुरात राज्याचे सुदूर संवेदन केंद्र 1988 पासून आहे, चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पडताळणीचे काम स्थानिक तरुणांच्या हाती सहज देता येईल. उपग्रहाने टिपलेले शेत खरोखर कपाशीचे की सोयाबीनचे, हे सांगायला शेवटी बांधावर उभा राहणारा माणूसच लागतो.

समाजाचीही यात जबाबदारी आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी मोठ्या पगाराची नोकरी सोडून चार मित्रांसह प्रयोगशाळा थाटू म्हणते, तेव्हा मध्यमवर्गीय घराच्या कपाळावर आठी पडते. ती काळजी खोटी नाही. पण तिच्या सोबतीला धीरही हवा. स्वावलंबन हे सभेतील घोषणेने येत नाही. फसलेला प्रयोग पुन्हा करण्याची मुभा आणि जमलेल्या प्रयोगाला वेळेवर मिळालेला मोल, या दोन गोष्टींनी ते येते. अवकाशाचे दार उघडले आहे. आता शासनाने ग्राहक म्हणून त्या दारात उभे राहावे.