परतीचे दोर कापू नका

आपल्या मराठी माणसाला एक वाक्प्रचार फार प्रिय आहे: परतीचे दोर कापून टाकणे. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडला, मावळ्यांचा धीर सुटला, आणि सूर्याजीने ‘दोर कापले आहेत’ असे बजावून त्यांना पुन्हा शत्रूवर घातले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कथा रणांगणाची आहे, तिथे ती शोभते. पण आम्ही ती परीक्षेला लावली, धंद्याला लावली, आणि आता गिर्यारोहणालाही लावू लागलो आहोत. तिथे ती माणसे मारते. दिवाळीच्या फराळात हे बोलणे कडू लागेल, लागू दे. कारीट कुठे तरी चिरडावेच लागते.

पुण्यामुंबईची मुलेमुली लिंगाणा चढतात, सह्याद्रीचे सुळके पालथे घालतात, आणि नोकरीनिमित्त युरोपात गेली की त्यांचे डोळे आल्प्सकडे लागतात. त्यातही मॅटरहॉर्नकडे. लागावेत की! तरण्याताठ्यांनी डोंगराकडे नाही पाहायचे तर काय कपबशीकडे? माझे भांडण त्यांच्या धाडसाशी नाही, त्यांच्या बेताशी आहे. बेत असा असतो: शुक्रवारी झेरमाटला उतरायचे, शनिवारी डोंगरावरच्या निवाऱ्यात मुक्काम, रविवारी शिखर, सोमवारी कचेरीत हजर! वाटाड्याचे पैसे ठरलेले, परतीचे तिकीट काढलेले, घरी आईला कळवलेले. या बेतात सगळे आहे. शिखर न गाठता परत यायला मात्र जागा नाही. म्हणजे दोर झेरमाटच्या स्टेशनावरच कापला म्हणायचा.

हा डोंगर काय चीज आहे ते जरा पाहा. उंची ४४७८ मीटर. नेहमीची वाट हॉर्न्लीच्या धारेवरून. ३२६० मीटरवरच्या निवाऱ्यातून पहाटेच्या अंधारात, कपाळाला दिवा बांधून निघायचे. पुढे बाराशे मीटरांची चढण, बरीचशी हातांनी कातळ धरून. वरच्या अंगाला जाड दोर कायमचे बांधून ठेवले आहेत, त्याच्याही वर बर्फ. चढायला चार-पाच तास, आणि उतरायला? तेवढेच! म्हणूनच या वाटेवर वाटाड्या एका वेळी एकच गिऱ्हाईक आपल्या दोराला बांधतो. ४००३ मीटरवर सोल्वेची इवलीशी झोपडी आहे, ती केवळ संकटात डोके टेकण्यापुरती. तिथवर तुम्ही वेळेत पोचला नाहीत तर तो तुम्हांला मागे वळवतो. त्याची फी हजार फ्रँकांहून अधिक, आणि अर्ध्यातून वळलात म्हणून ती सहसा परत मिळत नाही.

‘म्हणजे पैसे मोजून शिखरही नाही?’ असे विचारणारे महाभाग आहेत. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. डॉक्टरला फी देता, ती काय अमरपट्ट्याची? वाटाड्याला पैसे द्यायचे ते त्याच्या ‘नाही’ या शब्दासाठी. ज्याला तो शब्द ऐकायचा नसेल त्याने घरच्या गच्चीवर चढावे.

इतिहास पाहायचा तर याच डोंगराचा पाहा. १८६५ च्या जुलैत एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज ईर्ष्येने पेटला होता, कारण इटलीच्या बाजूने ज्याँ-आंत्वान कारेल चढू लागला होता. झेरमाटमध्ये घाईघाईने सात जणांची तुकडी जमली. त्यात हॅडो हा एकोणीस वर्षांचा पोरगा, आल्प्समध्ये अगदी नवखा. १४ जुलैला शिखर जिंकले. उतरताना हॅडोचा पाय सुटला, तो वाटाड्या क्रोवर आदळला, त्यांच्यामागून हडसन आणि डग्लस ओढले गेले, आणि थोरल्या टाउगवाल्डरच्या पुढचा दोर तुटला. चौघे खाली गेले. तुटला तो त्यांच्याकडच्या दोरांतला सर्वांत कच्चा दोर! त्याचा तुकडा झेरमाटच्या संग्रहालयात ठेवला आहे. आणि कारेल? व्हिंपर शिखरावर दिसताच तो मुकाट्याने खाली उतरला, आणि तीनच दिवसांनी, १७ जुलैला, इटलीच्या बाजूने शिखरावर जाऊन आला. परतलेला माणूस पुन्हा जाऊ शकतो, एवढे साधे गणित आहे. १९५२ मध्ये जिनिव्हाचा वाटाड्या लाँबेर आणि आपला तेनसिंग एव्हरेस्टवर सुमारे ८६०० मीटरपर्यंत जाऊन मागे फिरले. पुढच्या वर्षी तेनसिंग शिखरावर उभा होता. त्या परतण्याला कोण पराभव म्हणेल?

मग बेत कसा करावा? निदान आठ-दहा दिवसांचा. आधी घरी काही महिने तयारी, आणि तीही चढण्याइतकीच उतरण्याची. झेरमाटला पोचल्यावर रिफेलहॉर्नच्या कातळावर वाटाड्यासमवेत हात साफ करावेत. मग ४१६४ मीटरचा ब्राइटहॉर्न चढून विरळ हवेची सवय करावी. वाटाड्याही तोवर तुम्हांला जोखत असतो. त्याने नापास केले तर रुसू नये. त्यानंतर निवाऱ्याचा मुक्काम, चढाई, आणि हवेसाठी दोन-तीन दिवस हाताशी मोकळे. हा डोंगर आता आणखी बेभरवशाचा झाला आहे. कातळ धरून ठेवणारे बर्फ उन्हाळ्यात वितळते आणि दरडी सुटतात. २००३ च्या उन्हाळ्यात हॉर्न्लीच्या धारेवर दरड कोसळून चढणाऱ्यांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले, आणि २०२२ च्या जुलैत खुद्द वाटाड्यांनीच काही काळ गिऱ्हाइके न्यायचे थांबवले. ज्यांचे पोट डोंगरावर, ते जिथे थांबतात तिथे आमचा चार दिवसांचा पाहुणा हट्ट धरतो!

आणखी एक पंथ आहे. ‘वाटाड्या घेऊन चढणे ही कसली मर्दुमकी?’ असे तो नाक मुरडतो. अहो, व्हिंपरलाही क्रो लागला होता! आणि मर्दुमकीच हवी तर आपल्या हिरकणीची आठवण ठेवा. रायगडाची ती आख्यायिका चढण्याची नाही, उतरण्याची आहे. तान्ह्यासाठी घरी पोचायचे म्हणून ती कडा उतरली. शिखर गाठणाऱ्यांचे पोवाडे आम्ही गातो. घर गाठणारीचा बुरूज मात्र महाराजांनी बांधला, असे आपण सांगतो. ते उगीच का?

म्हणून शेवटचे बोलणे घरच्या मंडळींशी. पोरगा किंवा पोरगी निघण्याआधी सत्काराचे हार सांगून ठेवू नका, शेजारीपाजारी डांगोरा पिटू नका. तो डांगोराच सोल्वेच्या झोपडीपाशी त्याच्या कानात वाजतो आणि वाटाड्याचे बोलणे ऐकू येऊ देत नाही. फोन आला तर ‘शिखर झाले का?’ हे विचारूच नका. ‘खाली कधी उतरलास, जेवलास का?’ एवढेच विचारा. सूर्याजीचा कापलेला दोर सिंहगडावरच राहू द्या. मुलांच्या कमरेला मात्र न कापलेला, चांगला जाडजूड दोर बांधून पाठवा.